जादा व्याजाची गुंतवणूक तपासायची कशी? दर विचारायचा तो सगळ्यात शेवटी

फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊसबिलं जमा होतात, तासगावात बेदाण्याचे सौदे सुरू होतात, कुणाला रस्त्याच्या भूसंपादनाचा मोबदला मिळतो, कुणी शिक्षक किंवा एसटीतला माणूस मे-जूनला निवृत्त होतो. पैसा एकगठ्ठा येतो आणि आठवडाभरात घरी पाहुणे वाढतात. सांगलीत कर सल्लागाराच्या टेबलाशी बसलं की जूननंतर याच पैशांच्या पावत्या समोर येतात, आणि त्यातल्या बऱ्याच पावत्यांबाबत आधी विचारायचे प्रश्न नंतर विचारलेले असतात.

चूक जवळपास दर वेळी क्रमाची असते. पहिला प्रश्न 'व्याज किती?', दुसरा 'ओळखीचा आहे का?', आणि कागद बघायची वेळ येते ती हप्ता चुकल्यावर. हाच क्रम उलटा करायचा आहे. खाली दिलेले टप्पे त्याच ओळीने घ्या. एका टप्प्यावर उत्तर मिळालं नाही तर पुढच्यावर जाऊ नका.

## टप्पा १ : कोणता पैसा बाहेर काढायचा ते ठरवा

आलेली रक्कम वहीत तीन भागांत मांडा.

पहिला भाग सहा महिन्यांच्या घरखर्चाचा आणि दवाखान्याचा. दुसरा तारीख ठरलेल्या खर्चाचा : मुलीचं ॲडमिशन, लग्न, द्राक्षबागायतदार असाल तर एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतरची औषधं-खतं-मजुरी. हे दोन्ही भाग बँकेत किंवा पोस्टातच राहतील. व्याज कमी मिळालं तरी चालेल. उरला तो तिसरा भाग, आणि या लेखात पुढे 'पैसा' म्हटलं की तो फक्त हाच.

त्याआधी घरातली कर्जं बघा. सोनं तारण ठेवून वर्षाला ११ टक्क्यांनी उचललेले दोन लाख डोक्यावर आहेत आणि दुसरीकडे ९ टक्क्यांची ठेव शोधणं चालू आहे, असे लोक रोज भेटतात. ते कर्ज फेडलं की ११ टक्के पक्के सुटले. त्यात जोखीम नाही आणि त्यावर करही नाही. विकास सोसायटीचं पीककर्ज असेल तर मुदतीत भरा. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला बिनव्याजी पडतं. ठेवीवर दोन टक्के जास्त मिळवण्यासाठी ती मुदत चुकवणं म्हणजे शुद्ध तोटा.

तपासा : तिसऱ्या भागातली रक्कम पूर्ण बुडाली तर घरातलं कोणतं काम अडेल? एखादं जरी नाव घेता आलं, तर ती रक्कम तिसऱ्या भागातली नाही.

## टप्पा २ : मापाची पट्टी हातात घ्या

'जादा' व्याज कशापेक्षा जादा, ते आधी ठरवायला हवं. पट्टी सरकारी घ्यायची. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, म्हणून आजचा आकडा पोस्टात विचारून घ्या. मर्यादा ३० लाख. ८.२ टक्क्यांनी तीस लाखांवर दर तीन महिन्यांनी ६१,५०० रुपये हातात येतात. वय ६० लागतं, स्वेच्छानिवृत्तांना ५५, आणि लष्करातून निवृत्त झालेल्यांना ५० पासून खातं काढता येतं. सातारा जिल्ह्यातल्या गावोगावच्या माजी सैनिकांपैकी कितीतरी जणांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. ते पेन्शनचे पैसे घेऊन थेट 'डबल'वाल्याकडे पोहोचतात.

वयात बसत नसाल तर रिझर्व्ह बँकेचे बदलत्या दराचे बचत रोखे आहेत. मुदत सात वर्षं, व्याज सहामाही, दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा ०.३५ टक्के जास्त.

या पट्टीच्या वर मिळणारा प्रत्येक टक्का कशाचा तरी मोबदला असतो. मुदल बुडण्याची शक्यता, पैसा अडकण्याची शक्यता किंवा कायद्याचं संरक्षण नसणं. तो कशाचा आहे हे शोधणं म्हणजेच जोखीम तपासणं.

## टप्पा ३ : पैसा कोणत्या दारातून आत जातोय?

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. पाटीवर काय लिहिलंय त्याला अर्थ नाही. संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे, तिच्यावर कुणाचं लक्ष आहे आणि बुडाली तर दाद कुठे मागायची, हे बघायचं.

बँक. व्यापारी, लघुवित्त, नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती या सगळ्या बँकांतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाखांचं झालं, त्याआधी १९९३ पासून एकच लाख होतं. पाच लाख हे मुदल आणि व्याज धरून आहेत, आणि एका बँकेच्या सगळ्या शाखांतल्या तुमच्या ठेवी एकत्र मोजल्या जातात. मार्केट यार्डात अडीच, विश्रामबागेत अडीच आणि मिरजेत अडीच असं वाटलंत तरी विमा पाचाचाच. म्हणून एका बँकेत एका नावावर साडेचारच्या आसपास थांबावं, म्हणजे वर्षाचं व्याजही आत बसतं. लघुवित्त बँका मोठ्या बँकांपेक्षा बऱ्याचदा जास्त दर देतात आणि विमा तोच. जादा व्याज शोधणाऱ्यानं पहिली चौकशी इथे करावी. होते मात्र शेवटी.

विमा म्हणजे पैसे लगेच हातात, असं नाही. कराडच्या जनता सहकारी बँकेवर नोव्हेंबर २०१७ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला डिसेंबर २०२० मध्ये. मर्यादेतल्या ठेवीदारांचे पैसे विम्यात बसत होते, पण मधली तीन वर्षं गेलीच. २०२१ मध्ये कायदा बदलला. आता निर्बंध लागल्यापासून साधारण ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळावी अशी तरतूद आहे.

पतसंस्था. नोंदणी सहकार खात्याकडे. रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही आणि ठेव विमाही नाही. काउंटर, पासबुक, शिक्का, गणवेशातला शिपाई सगळं बँकेसारखं असतं, म्हणून लोक फसतात. बहुतेक ठिकाणी ठेव ठेवताना तुम्हाला नाममात्र सभासद करून घेतात. त्या अर्जावर सही करताना तो वाचा. चांगल्या चाललेल्या पतसंस्था आपल्या भागात आहेत, आणि सोनं गहाण ठेवायला व्यापारी तिकडेच जातो. पण चांगली कोणती हे पावतीच्या रंगावरून कळत नाही. त्यासाठी टप्पा ५ आहे.

मल्टिस्टेट. हीसुद्धा पतसंस्थाच, फक्त नोंदणी दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे. सांगली-साताऱ्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार घेऊन गेलात तर 'हे आमच्या अखत्यारीत नाही' हे उत्तर मिळेल आणि ते बरोबर असेल. आधीच माहीत असलेलं बरं.

वित्त कंपनी. ठेवी घ्यायला रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागते. सगळ्या वित्त कंपन्यांना ती नसते. ज्यांना आहे त्यांनाही १२.५ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज देता येत नाही आणि मुदत एक ते पाच वर्षांचीच ठेवता येते. म्हणजे कुणी 'आमची रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली कंपनी, ठेवीवर १८ टक्के' म्हणाला, तर तपास तिथेच संपला.

भिशी आणि चिट. नात्यातली, गल्लीतली छोटी भिशी सोडा. १८ हजारांच्या वरची चिट चालवायला १९८२ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. सराफाच्या 'अकरा हप्ते भरा, बारावा आमचा' या योजना अकरा महिन्यांच्या असतात. त्याहून लांबलेल्या योजनेपासून लांब राहा.

शेअर, म्युच्युअल फंड, पोर्टफोलिओ सेवा. इथे सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची नोंदणी हवी. दोन आकडे पाठ करा. पोर्टफोलिओ सेवेत (पीएमएस, तुमच्या वतीनं शेअर सांभाळायची सेवा) किमान ५० लाख लागतात आणि पर्यायी गुंतवणूक फंडात साधारणपणे किमान एक कोटी. 'आमच्या पीएमएसमध्ये दोन लाख टाका' म्हणणारा म्हणूनच खोटा. नोंदणीकृत सल्लागाराला खात्रीच्या परताव्याचं वचन देता येत नाही. शेअर तुमच्या स्वतःच्या डीमॅट खात्यात दिसले पाहिजेत. 'माझ्या खात्यात टाका, मी ट्रेड करतो' ही गुंतवणूक नाही.

हातउसने. 'शेकडा दोन रुपयांनी' मार्केटमधल्या कुणाला तरी पैसे दिलेत. ही आपल्याकडची सर्वांत जुनी जादा परताव्याची गुंतवणूक, आणि तिच्यात देणाराच अडकतो. व्याजानं पैसे फिरवण्याचा धंदा परवान्याशिवाय करणं हा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ खाली गुन्हा आहे. २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम कर्ज म्हणून रोखीनं घेणंही आयकर कायद्यात बसत नाही. पैसे बुडाल्यावर तक्रार द्यायला गेलात की आधी तुमचीच चौकशी सुरू होते.

इशारा : वरच्या एकाही दारात न बसणारी, लोकांकडून पैसे गोळा करणारी योजना २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याखाली बेकायदा ठरू शकते. ती झाडांची असो, गोट फार्मची, प्लॉटची किंवा क्रिप्टोची. 'कंपनी रजिस्टर आहे' याचा अर्थ फक्त कंपनी स्थापन झालीय. ठेवी घ्यायची परवानगी त्यातून मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर नाव टाकून बघा आणि तिथेच तक्रारही करता येते.

## टप्पा ४ : व्याज कशातून देणार, हे एका वाक्यात विचारा

समोरच्याला विचारा : 'माझ्या पैशाचं तुम्ही काय करणार आणि त्यातून किती मिळवणार?'

पतसंस्थेचं उत्तर सरळ असतं. ११ टक्क्यांनी ठेव घेते, १४-१५ नं कर्ज देते. मग पुढचं तुम्ही जुळवा. चांगल्या गिऱ्हाइकाला बँक ९-१० टक्क्यांनी कर्ज देत असताना १५ नं कोण घेतं? ज्याला बँकेनं परत पाठवलं तो, किंवा ज्याला तासाभरात पैसे हवे आहेत तो. पहिल्या प्रकारचे कर्जदार जास्त असतील तर तुमच्या जादा व्याजाची जोखीम तिथे आहे.

शेअर बाजारातून महिना पाच टक्के देणाऱ्याला हाच प्रश्न विचारा. महिना पाच म्हणजे वर्षाला साठ, चक्रवाढीनं जवळपास ऐंशी. ज्याला हे खरोखर जमतं तो बँकेकडून १२ टक्क्यांनी कर्ज काढून श्रीमंत होईल. तुमच्या ओसरीवर चहा प्यायला येणार नाही. फ्युचर-ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांचा सेबीनं हिशेब काढला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के लोक तोट्यात गेले आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. तुमचे पैसे घेणारा उरलेल्या सात टक्क्यांत आहे, याचा पुरावा मागा. मोबाइलवर दाखवलेला नफ्याचा फोटो पुरावा नाही.

तपासा : 'सहा महिने वेळेवर व्याज मिळालं' हाही पुरावा नाही. नव्याच्या पैशातून जुन्याला देणारी योजना सुरुवातीला बँकेपेक्षाही वक्तशीर असते.

## टप्पा ५ : पतसंस्थेचा अहवाल वाचायचा कसा

सांगली-साताऱ्यात जादा व्याजाचा प्रश्न दहापैकी आठ वेळा पतसंस्थेशी येऊन थांबतो, म्हणून इथे जरा सविस्तर.

वार्षिक सभा साधारण सप्टेंबरअखेरपर्यंत होते. त्या वेळी छापलेला अहवाल मागा. गेल्या तीन वर्षांचे मागा. 'शिल्लक नाही' हे उत्तर आलं तर ठेव ठेवायची गरज नाही. एवढ्यावर निर्णय घेतला तरी चालतो.

अध्यक्षांचं मनोगत, सत्काराचे फोटो, जाहिराती ओलांडून ताळेबंदावर या. क्रमानं या ओळी शोधा :

१. ऑडिट वर्ग. अ, ब, क, ड. एका वर्षाचा 'अ' फारसा सांगत नाही. 'अ' वरून 'ब' आणि 'ब' वरून 'क' अशी घसरण दिसली तर ती जास्त बोलकी.

२. येणे व्याज. मालमत्तेच्या बाजूला ही ओळ असते. कर्जदाराकडून अजून न आलेलं व्याज. ही रक्कम दर वर्षी कर्जापेक्षा वेगानं वाढत असेल तर नफा कागदावरचा आहे. समोरच्या बाजूला 'थकीत व्याज तरतूद' तेवढीच आहे का, ते बोटानं जुळवा. तरतूद कमी असेल तर फरकाची रक्कम नफ्यातून वजा करून बघा. पुष्कळदा नफा उरतच नाही. मी अहवाल हातात घेतला की पहिल्यांदा हीच ओळ शोधतो, कारण सत्कार करून ती लपवता येत नाही.

३. थकबाकी आणि 'बुडीत व संशयित कर्ज निधी'. निव्वळ एनपीए (थकलेल्या कर्जातून तरतूद वजा करून उरलेला आकडा) शून्य छापलेला असतो. ढोबळ, म्हणजे तरतूद वजा करण्याआधीचा किती, ते बघा.

४. कर्जाचं वर्गीकरण. सोनेतारण किती, स्थावर तारण किती, नुसत्या जामीनकीवर किती. सोनं विकता येतं. प्लॉट विकायला वर्षं जातात. जामीनदार तर बऱ्याचदा एकमेकांचेच असतात.

५. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांकडची कर्जं. हा तक्ता अहवालात द्यावा लागतो. नसेल किंवा सगळीकडे 'निरंक' असेल आणि गावात वेगळंच बोललं जात असेल, तर गावाचं ऐका.

६. तरल गुंतवणूक. ठेवीपैकी किती रक्कम बँकांत किंवा सरकारी रोख्यांत आहे. ठेवी चाळीस कोटी आणि हातात दोन, तर एका अफवेला संस्था पुरणार नाही.

७. लेखापरीक्षकाचे शेरे आणि दोषदुरुस्ती अहवाल. मागच्या वर्षीचे शेरे या वर्षी जसेच्या तसे छापले असतील, तर दुरुस्ती झालेली नाही.

एवढं वाचायला दीड-दोन तास लागतात. आकडे डोक्यावरून गेले तर ओळखीतल्या बीकॉमच्या पोराला बसवा. तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात त्या संस्थेविरुद्ध चौकशी किंवा कारवाई चालू आहे का, ते माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाची फी दहा रुपये.

कंपनीच्या ठेवी आणि रोख्यांसाठी अहवालाऐवजी पतमानांकन, म्हणजे देणी फेडायच्या कुवतीला दिलेला दर्जा बघतात. ते बघाच, पण त्यावर झोपू नका. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीला २०१९ च्या सुरुवातीपर्यंत सर्वोच्च मानांकन होतं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये तिनं देणी थकवली. मोठी रक्कम ठेवलेल्या ठेवीदारांच्या हाती शेवटी सुमारे चौथा हिस्सा आला. रोख्यांत 'दुय्यम', 'विनातारण', 'कायमस्वरूपी' असे शब्द दिसले की थांबा. येस बँकेचे ८,४१५ कोटींचे तसले रोखे मार्च २०२० मध्ये शून्य केले गेले. त्याच बँकेतल्या साध्या ठेवीला धक्का लागला नाही.

## टप्पा ६ : खरा दर स्वतः काढा

आता दराकडे यायचं. छापलेला दर आणि हातात पडणारा दर क्वचितच एक असतात.

'पाच वर्षांत पन्नास टक्के, म्हणजे वर्षाला दहा' असं सांगतात. चक्रवाढीनं तो दर साडेआठच्याही जरा आतच येतो.

'दामदुप्पट' असेल तर ७२ ला वर्षांनी भागा. सहा वर्षांत दुप्पट म्हणजे साधारण १२ टक्के, पाच वर्षांत म्हणजे साडेचौदाच्या आसपास. हा आकडा काढलात की टप्पा ३ मधल्या १२.५ टक्क्यांच्या मर्यादेशी लावून बघा.

बँकेत ठेव करायला गेले आणि विमा पॉलिसी घेऊन आले, ही नेहमीची तऱ्हा. 'दहा वर्षं लाख-लाख भरा, विसाव्या वर्षी वीस लाख घ्या, दुप्पट!' याचा दर साडेचार टक्के पडतो, कारण शेवटचा हप्ता दुप्पट व्हायला अकराच वर्षं मिळाली असली तरी पहिला तब्बल वीस वर्षं अडकून होता. पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. घरात असा ताजा कागद असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी तारीख बघा.

रोखा बाजारातून घेत असाल तर कूपन (रोख्यावर छापलेला व्याजदर) सोडा आणि मुदतीपर्यंतचा परतावा विचारा. ११ टक्के कूपनचा, दोन वर्षं उरलेला रोखा १०४ ला घेतला तर पदरात ८.७ च्या आसपास पडतात. लाभांशाचंही तसंच. शेअर चारशेवरून दोनशेवर आला की लाभांशाचा टक्का कागदावर आपोआप दुप्पट दिसतो. पुढच्या वर्षी तो लाभांश मिळेलच असं नाही.

मग कर. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकर धरून १२ टक्क्यांचे सव्वाआठ उरतात. नव्या करप्रणालीत बारा लाखांच्या आत असाल तर सवलतीमुळे बहुधा काहीच जाणार नाही. म्हणून शेजाऱ्याला परवडलेली ठेव तुम्हाला परवडेलच असं नाही.

## टप्पा ७ : जादा टक्क्याची किंमत मांडा

जोखीम तोलणं म्हणजे काहीतरी अवघड गणित, असा समज आहे. दोन ओळींचं आहे.

बँक ७ देते, पतसंस्था ११. दहा लाखांवर वर्षाला ४० हजार जास्त. हे जास्तीचे ४० हजार साठून दहा लाख व्हायला २५ वर्षं लागतात. पंचविसाव्या वर्षाच्या आत संस्था बुडाली आणि काहीच परत आलं नाही, तर जादा व्याजानं मुदल भरून निघालेलं नसतं.

दुसरी ओळ. अशा अठ्ठावीस संस्थांपैकी वर्षाला एक पूर्ण बुडत असेल, तर सगळीकडे सारखे पैसे वाटणाऱ्याची कमाई सात टक्केच होते. म्हणजे बँकेएवढीच, आणि वर काळजी फुकट. निम्मे पैसे परत येतात असं धरलंत तर अठ्ठावीसच्या जागी चौदा. आता तुमच्या तालुक्यात गेल्या दहा वर्षांत किती पतसंस्था बंद पडल्या ते आठवा आणि बोटं मोजा. तुमच्या भागाचा आकडा तुमच्याइतका कुणाला माहीत नाही.

इशारा : चार पतसंस्थांत वाटले म्हणजे जोखीम वाटली गेली, असं नेहमी नसतं. चारही संस्थांचे कर्जदार तेच द्राक्षवाले, तेच बांधकामवाले असतील, तर एका अवकाळीत चारही एकदम थकतात. तुमची स्वतःची बागही द्राक्षाचीच असेल तर पैसा द्राक्षापासून लांब ठेवा.

## टप्पा ८ : बाहेर पडायची वाट आधी बघा

मुदतपूर्व मोडता येते का, किती कापतात, किती दिवसांत देतात? पावतीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. ज्येष्ठ नागरिक योजना मोडली तर पहिल्या वर्षात दिलेलं व्याज कापून घेतात, एक ते दोन वर्षांत दीड टक्का जातो, नंतर एक टक्का. पोस्टाची मासिक योजना पहिल्या वर्षी मोडताच येत नाही. रोखे 'बाजारात विकता येतात' असं सांगतात. घ्यायला कुणी असेल तर.

प्रत्यक्ष करून बघायचं असेल तर त्या संस्थेत छोटी ठेव ठेवलेल्या कुणाला तरी मुदतीआधी मोडायला सांगा. 'पुढच्या आठवड्यात या', 'साहेब सभेला गेलेत', 'रिन्यू करा, अर्धा टक्का वाढवून देतो' यातलं काहीही ऐकू आलं तर आपल्याला मिळायचं ते उत्तर मिळालं.

## टप्पा ९ : पैसे देताना

चेक किंवा आरटीजीएसनं, संस्थेच्या नावानं, संस्थेच्या खात्यात. एजंटच्या यूपीआयवर नाही आणि पिग्मीवाल्याच्या हातात तर नाहीच.

पावतीवर तपासा : नोंदणी क्रमांक, तुमचं नाव जसं आधारवर तसं, मुदतीअखेरची रक्कम आकड्यात आणि अक्षरात, दोन अधिकाऱ्यांच्या सह्या, वारसाची नोंद. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला 'मैत्रीपूर्ण कर्ज' करारनामा आणि सोबत तारीख न घातलेला चेक मिळत असेल, तर ती ठेव नाही. समोरच्यानं आपलं नाव ठेव कायद्यांच्या बाहेर ठेवायची सोय केलेली आहे. कागदावर 'लाभ-तोटा उभय पक्षी मान्य' असं एक वाक्य दुसऱ्या पानावर असतंच. ते वाचा.

तिसऱ्या भागातल्या पैशापैकी बिनविम्याच्या एका ठिकाणी दहाव्या हिश्शापेक्षा जास्त ठेवू नये, असं मी सांगतो. पाहुणा संचालक असेल तर त्याच्याही निम्मं, कारण मागायला जायला जीभ रेटत नाही.

## टप्पा १० : ठेवल्यानंतर

दर सप्टेंबरला नवा अहवाल आणा आणि टप्पा ५ मधल्या सात ओळी जुन्या अहवालाशेजारी ठेवा. व्याजदर बाजारात उतरत असताना एखादी संस्था वाढवत असेल, तर तिला रोख कमी पडतेय. मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरणाची सही देऊन ठेवू नका.

व्याज अडकलं तर हा क्रम ठेवा :

पहिल्या आठवड्यात लेखी मागणी, पोच घेऊन. तोंडी शंभर फेऱ्या मारल्या तरी त्यांची नोंद कुठे राहत नाही.

पतसंस्था असेल तर सहायक निबंधक आणि जिल्हा उपनिबंधक, मल्टिस्टेट असेल तर केंद्रीय निबंधक आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर सहकार लोकपाल. संस्था ठेवी देण्यात कसूर करतेय हे दिसलं की पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत, महाराष्ट्राच्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखाली, १९९९ चा आहे तो. त्यात मालमत्ता जप्त होते. मात्र लिलाव होऊन वाटप व्हायला वर्षं जातात, म्हणून यादीत आपलं नाव आणि रक्कम पहिल्याच फेरीत नोंदवा. 'तक्रार केली तर पैसे मिळणार नाहीत' असं संचालक सांगत फिरतात. नाव न नोंदवणाराच वाटपाच्या वेळी धावाधाव करतो.

चेक मिळालेला असेल तर त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत टाका. न वटल्याचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, आणि नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवसांची मुदत असते. 'पुढच्या महिन्यात टाका' म्हणत हीच मुदत घालवतात.

ऑनलाइन ॲपवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. 'पैसे काढायला आधी कर भरा' असा मेसेज आला तर आणखी एक रुपयाही पाठवू नका. कर आयकर खात्याला भरतात, ॲपवाल्याला नाही.

सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा : पावती, पैसे दिल्याचं बँक स्टेटमेंट, अहवाल, पत्रांच्या पोचपावत्या. आणि ती फाइल कुठे आहे हे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा.